चौघांचा डाव

"किती जण?" खिडकीतल्या मुलाने विचारलं. लेकीने मागे वळून आम्हा सगळ्यांना मोजलं आणि सांगितलं, अकरा. त्याने तीन स्कोअरकार्डं आणि तीन बोटभर पेन्सिली फळीवर मांडल्या. म्हणाला, चार, चार आणि तीन.

साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचची ही संध्याकाळ. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीहून तीन-साडेतीन तास गाडी चालवून आम्ही आलो होतो. मी आणि आमचे हे, लेक-जावई, नऊ वर्षांची नात, चार वर्षांचा नातू, त्याच महिन्यात पुण्याहून आलेले व्याही आणि विहीणबाई, शिवाय जावयाची बहीण, तिचा नवरा आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा. दोन गाड्या आणि दशम्यांचा एक डबा. सगळ्यांनी मिळून मिनीगोल्फ खेळायचं, हे आठवडाभर घोकून झालं होतं. आणि दारातच आमचे तीन तुकडे पडले.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "एकत्र आलोय तर एकत्रच खेळू दे की रे," त्या त्या मुलाला मराठीतच म्हणाल्या. शब्द नाही, पण सूर त्याला कळला असावा. त्याने नुसतं आमच्या मागे बोट दाखवलं. रांग पार्किंगपर्यंत गेली होती.

वाईट मलाही वाटलं. आपल्याकडे माणसं मोजून वाटण्या करणं हे जेवणाच्या पंगतीतसुद्धा नाइलाजाने होतं. पण चार हा आकडा मनातून जाईना. काही कोर्सवर पाच चालतात, काहींवर सहा, पण बहुतेक ठिकाणी गोष्ट चारापाशी येऊन थांबते. का? खेळ तर किती साधा! हातात एकच काठी, तिला पटर म्हणतात. हिरव्या गालिच्याच्या पट्टीवरून चेंडू ढकलायचा, मधले दगड, वळणं, पाण्याचे ओहोळ चुकवायचे आणि होलमध्ये घालायचा. असे १८ होल. प्रत्येकाचे फटके कार्डावर लिहायचे, ज्याचे कमी तो जिंकला. अकरा जणांनी एका रांगेत उभं राहून हे केलं तर कोणाचं काय बिघडतं, हे मी परत आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन शोधलं. उत्तर मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं.

धरून चालू की एका माणसाला एका होलवर सरासरी अर्धा मिनिट लागतो. गट निघून पुढचा गट उभा राहण्यात आणखी अर्धा मिनिट जातो. म्हणजे दोघांच्या गटाला एका होलला दीड मिनिट, चौघांना अडीच, सहा जणांना साडेतीन आणि आम्हा अकरांना सहा मिनिटं. चौघांची १८ होलची फेरी यात ४५ मिनिटांत होते, आणि प्रत्यक्षातही रांगेत अडकला नाही तर चौघांचा गट साधारण तेवढ्यातच बाहेर पडतो.

आता तासाला किती माणसं खेळून जातील ते पाहा. सगळे दोघादोघांनी आले तर ४० गट, म्हणजे ८० माणसं. चौघाचौघांनी आले तर २४ गट, ९६ माणसं. सहासहांनी आले तर १०२-१०३. आणि सगळीच कुटुंबं आमच्यासारखी अकराअकरांची आली तर ११०! गट जितका मोठा, तितका गटबदलाचा वाया जाणारा वेळ कमी. कोर्सच्या मालकाने नुसता गल्ला पाहिला असता तर त्याने आम्हाला तोडलं नसतं, उलट मागच्या चौघांनाही आमच्यात जोडून दिलं असतं.

मग तो तोडतो कशासाठी? कारण सगळे अकराअकरांनी येत नाहीत. आमच्या मागे एक तरुण जोडपं उभं होतं. त्यांचा होल दीड मिनिटात संपणार आणि पुढची साडेचार मिनिटं ते आमच्या पाठीकडे बघत उभे राहणार. असं १८ होलला केलं तर ८१ मिनिटं. खेळ सत्तावीस मिनिटांचा आणि थांबणं जवळपास दीड तासाचं. आणि आमचं तरी काय? आमची फेरी १०८ मिनिटांची झाली असती. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला दर होलवर अर्धा मिनिट खेळ आणि साडेपाच मिनिटं बघत बसणं. चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्या होलनंतर कोणी आवरलं असतं?

डेव्हिड मायस्टर या अभ्यासकाने १९८५ साली वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. रांगेचा विषय निघाला की आजही त्याचाच आधार घेतात. त्यातली काही निरीक्षणं मला इथे नेमकी लागू पडली. एकट्याने वाट पाहणं घोळक्यात वाट पाहण्यापेक्षा लांब वाटतं. किती थांबायचं ते माहीत नसलं की आणखी लांब, आणि अन्याय होतोय असं वाटलं की त्याहून लांब. आम्हा अकरांना उशीर कळलाच नसता. कोणीतरी जुनी गोष्ट काढली असती, हसणं झालं असतं, दशमीचा डबा उघडला असता. तोच उशीर त्या जोडप्याला मात्र क्षणोक्षणी जाणवला असता. मोठा गट स्वतःचा उशीर दुसऱ्यांच्या अंगावर टाकतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. विहीणबाईंनी "आम्ही कोणाला त्रास देणार नाही" असं मनापासून म्हटलं होतं, आणि तरीही तो झाला असता.

एका कोर्सवर एका वेळी किती माणसं मावतात, हेही जागेच्या मोजमापावर ठरत नाही. १८ होल, प्रत्येकावर चौघे, म्हणजे ७२. तासाला ९६ माणसं आत येतात आणि प्रत्येक जण पाऊण तास आत राहतो, ९६ गुणिले पाऊण, पुन्हा ७२. जॉन लिटल यांनी १९६१ साली हा नियम गणिताने सिद्ध केला, म्हणून तो लिटल यांच्या नावाने ओळखला जातो. आत किती माणसं आहेत ते दोनच गोष्टींवर ठरतं, येण्याचा वेग आणि आत राहण्याचा वेळ. बँक असो, दवाखाना असो की देवळाची रांग. पण ७२ जण आत असतील तेव्हा एकही होल मोकळा नसतो, म्हणजे कोणी एक जरी अडखळला तरी मागची सगळी माळ थांबते. हा नियम सरासरीचा आहे, आणि माणसं सरासरीने खेळत नाहीत.

रांगांच्या शास्त्राची सुरुवात डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी केली. गिऱ्हाईक कधीही येतं आणि काम कधी लवकर कधी उशिरा संपतं, असं धरून केलेलं त्यातलं सर्वांत साधं गणित एक थक्क करणारी गोष्ट सांगतं. एखादी जागा ८० टक्के वेळ कामात असली, तर तिथे खेळणारा धरून सरासरी चार गट असतात. ९० टक्के झालं की नऊ. ९५ टक्के झालं की एकोणीस. जागा भरत आली की शेवटच्या चार माणसांनी रांग दुप्पट होते. मर्टल बीचवर दिवसा उन्हाने कोर्स ओस असतात आणि रात्रीच्या जेवणानंतर सगळं गाव एकदम येतं. त्या तासाला खिडकीतला मुलगा एकेक मिनिट राखत असतो, ते याच शेवटच्या पाच टक्क्यांसाठी.

त्याच्या हातात आणखी एक साधन आहे. कार्डाच्या मागे छापलेलं असतं, एका होलला जास्तीत जास्त सहा फटके, मग चेंडू उचला आणि पुढे चला. मला वाटलं होतं ही कच्च्या खेळाडूंवरची दया. पण जागतिक मिनीगोल्फ क्रीडा महासंघाच्या स्पर्धांतही हाच नियम आहे. सहा फटक्यांत जमलं नाही तर एक दंडाचा गुण धरून सात लिहायचे. सरासरी वेळ यामुळे फारसा कमी होत नाही. छाटली जाते ती सगळ्यांत लांबलेल्या डावांची शेपटी, आणि रांगा त्या शेपटीनेच लांबतात.

या सगळ्यात मला लहानपणीचा एक शब्द सारखा आठवत होता, लिंबूटिंबू. आट्यापाट्या असो की लपाछपी, एखादं शेंबडं पोर "मला पण घ्या" म्हणून रडायला लागलं की त्याला लिंबूटिंबू करायचं. तो खेळणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही, तो कोणाच्या मोजणीत धरायचा नाही. माझा धाकटा भाऊ दोन वर्षं लिंबूटिंबू होता, आणि ज्या दिवशी त्याच्यावर पहिल्यांदा राज्य आलं त्या दिवशी तो घरी नाचत आला होता. मिनीगोल्फमध्ये लिंबूटिंबू नाही. नातवासाठीही त्या मुलाने आखूड पटर काढून दिला, रंग विचारून चेंडू दिला आणि कार्डावर चौथ्या ओळीत त्याचं नाव लिहायला सांगितलं. अकरात तो अकरावा होता. दुसऱ्या कुठल्या खेळात चार वर्षांचं मूल आणि सत्तरीची आजी एकाच नियमाने, एकाच रेषेवरून, एकमेकांविरुद्ध खेळतात?

हा खेळ सुरू झाला तोच बाहेर ठेवलेल्यांसाठी. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये १८६७ साली बायकांनी पटिंगचा क्लब काढला. काठी खांद्याच्या वर उचलून फटका मारणं त्या काळी बाईमाणसाला अशोभनीय समजलं जाई, म्हणून त्यांनी जमिनीलगतच्या फटक्यांचाच खेळ केला. त्यांचं चढउतारांचं मैदान हिमालय या नावाने ओळखलं जातं, आणि आजही तिथे कोणीही जाऊन खेळू शकतं. मर्टल बीचला निघायच्या आदल्या रविवारी लेकीने आम्हाला पाइनहर्स्टला नेलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जेम्स बार्बर नावाच्या श्रीमंत माणसाने तिथल्या आपल्या बागेत छोट्या गोल्फचा आखीवरेखीव कोर्स करवून घेतला. पूर्ण झालेला पाहून "चालेल हे" अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला, आणि तेच शब्द थोडे स्कॉटिश वळण देऊन कोर्सचं नाव झालं, थिसल डू, अशी गोष्ट सांगतात.

मग १९३० साल आलं. टेनेसी आणि जॉर्जियाच्या सीमेवरच्या लुकआउट माउंटनवर गार्नेट कार्टर याने आपल्या हॉटेलच्या पाहुण्यांसाठी असा कोर्स केला होता. परीकथांमधली चित्रं आणि बाहुल्या त्याच्या बायकोने, फ्रीडाने रचल्या. टॉम थंब या नावाने त्याने तयार कोर्स देशभर विकले. महामंदी सुरू झालेली, माणसांच्या खिशात चित्रपटापुरतेही पैसे नाहीत, पण काही सेंटांत तासभर खेळता येत होतं. १९३० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत असे सुमारे २५ हजार कोर्स असल्याचा सरकारी अंदाज होता. एकट्या न्यूयॉर्कमध्ये इमारतींच्या गच्च्यांवर दीडशे कोर्स होते. रात्रभर दिवे, रात्रभर हसणं, आणि झोपमोड झालेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारी. वर्षा-दीड वर्षात ही लाट ओसरली. लोक कंटाळले असं म्हणतात. मला वाटतं, क्षमता मागणीच्या कितीतरी पुढे गेली होती. २५ हजार कोर्सवर प्रत्येकी ७२ माणसं मोजली तर एका वेळी अठरा लाख होतात.

मर्टल बीचच्या वाटेवर फेयेटविल लागतं. तिथे १९५४ साली डॉन क्लेटन नावाच्या विमा विक्रेत्याने कामाच्या ताणातून बाहेर पडायला एक कोर्स बांधला. पुढे पट-पट नावाने त्याच्या शाखा सगळीकडे झाल्या. त्याला पवनचक्क्या आणि विदूषकांची उघडी तोंडं मान्य नव्हती. त्याच्या सगळ्या होलना पार, म्हणजे अपेक्षित फटके, दोन आणि पूर्ण फेरीला छत्तीस. त्याच्या मनात कौशल्य होतं, पण रांगेच्या नजरेने पाहिलं तर त्याने फार मोठी गोष्ट केली. सगळे होल एकाच वेळाचे झाले. त्याच दशकात पेनसिल्वेनियातल्या स्क्रँटनच्या राल्फ आणि अल लोमा या भावांनी नेमकं उलटं केलं. फिरती पाती, हलते अडथळे. पातं कधी वर जाईल याची वाट पाहत उभं राहण्यात गंमत आहे, आणि त्या गंमतीची किंमत मागच्या गटाने मोजायची असते. युरोपात तर स्वित्झर्लंडच्या पाउल बोंग्नी यांनी १९५४ साली अस्कोना इथे काँक्रीटच्या ठरावीक मापाच्या पट्ट्या बसवल्या, १२ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद. तिथे प्रत्येक जण आपला होल पूर्ण संपवतो, मग दुसरा सुरू करतो.

आमच्या कोर्सवर कोंडी होती अकराव्या होलवर. चेंडू चढावर ढकलायचा, मध्ये पाण्याचा ओहोळ, जोर कमी पडला की चेंडू पायाशी परत. बाकी सगळे होल अडीच मिनिटांचे असले आणि हा एकच चार मिनिटांचा असला, तर तासाला २४ ऐवजी १५ गट बाहेर पडतात, ९६ ऐवजी ६० माणसं. उरलेले सतरा होल कितीही सुरेख बांधा, काही उपयोग नाही. जावई कारखान्यांच्या पुरवठा साखळीत काम करतो. अकराव्या होलच्या बाकावर टेकून त्याने मला एलियाहू गोल्डरॅट यांच्या 'द गोल' या १९८४ सालच्या कादंबरीतला प्रसंग सांगितला. स्काउटची मुलं रांगेने पायी सहलीला निघालीयत, आणि हर्बी नावाचा एक जाडा मुलगा मागे पडतो. रांग तुटत जाते. शेवटी त्याला सगळ्यांच्या पुढे ठेवतात आणि त्याच्या पाठीवरचं ओझं इतरांत वाटून घेतात.

"हर्बीला घाई करून चालत नाही, आई," तो म्हणाला. "त्याचं ओझं कमी करायचं."

मी विहीणबाईंकडे पाहिलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झालेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पटर. आमच्या गटाचा वेळ त्यांच्यावर ठरत होता आणि त्यांना ते कळत होतं. दर होलला त्या म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे, मी बसते." अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्याच्या २०१० सालच्या मापदंडांत मिनीगोल्फचा स्वतंत्र उल्लेख आहे. कोर्सवरचे निदान निम्मे होल चाकाच्या खुर्चीतून खेळता आले पाहिजेत, सुरुवातीच्या जागेवर ४८ इंच बाय ६० इंचांची सपाटी हवी आणि असे होल सलग हवेत. सलग ही अट ज्याने लिहिली त्याने खेळ समजून घेतला होता. तिसरा, आठवा, तेरावा असे सुटे होल दिले असते तर खुर्चीतला माणूस मधल्या वेळी बाजूला थांबला असता आणि त्याचा गट पुढे गेला असता. नऊ सलग दिले म्हणजे तो निदान अर्धा डाव आपल्या माणसांबरोबर असतो. क्षमतेची मोजणी करताना हा हिशेब मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कोर्सवर किती माणसं मावतात याइतकंच, कोणती माणसं मावतात हेही मोजायला हवं.

आम्ही विभागलो ते असं. जावयाची बहीण, तिचा नवरा आणि मुलगा पुढे. मग लेक, जावई, नात आणि आमचे हे. शेवटी व्याही, विहीणबाई, नातू आणि मी. मंद माणसं मागे ठेवली की पुढची टोळी सुटते, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं! सातव्या होलवर मागचं ते जोडपं आमच्यापाशी येऊन थांबलं. काही बोलले नाहीत. विहीणबाईंनीच पटर उभा धरला आणि हाताने पुढे जायची खूण केली. दीड मिनिटात दोघं खेळून गेली, जाताना मुलीने मान लववली. या खेळात मागच्याला वाट द्यायचा रिवाज आहे, तो पाळला की तो दीड मिनिट सोडून कोणाचंच काही जात नाही. व्याही तेवढ्यात नातवाला पाण्यातले मासे दाखवत होते.

आणि मग नवव्या होलवर डोक्यावरून हाक आली. "आजी!" मी वर पाहिलं. कोर्सची वाट कृत्रिम डोंगराभोवती वळसे घेत चढत होती आणि नात आमच्या बरोब्बर वरच्या पुलावर उभी होती. तिच्या बाजूला जावई. त्यांच्याही वर, धबधब्याच्या कडेला, तिघांचा पहिला गट. सगळे आमच्याकडे बघत होते. नातवाने चेंडू मारला तर तीन मजल्यांवरून टाळ्या पडल्या. पुढे दर दोन-तीन होलला कुठून ना कुठून आम्ही एकमेकांना दिसत राहिलो. जागा वाचवण्यासाठी वाट अशी गुंडाळतात, हे मला नंतर समजलं. नॉर्थ मर्टल बीचच्या हवाईयन रंबल या प्रसिद्ध कोर्सवर व्यावसायिक खेळाडूंची मास्टर्स स्पर्धा होते. तिथेही मधोमध ज्वालामुखी आणि त्याच्याभोवती वाटा आहेत.

अठराव्या होलला पोचेपर्यंत दिवे लागले होते. इथला होल वेगळा असतो, त्यात गेलेला चेंडू परत येत नाही. खालच्या नळीतून तो थेट खिडकीपाशी जातो, म्हणजे डाव संपला, गट मोकळा. नातवाने आपला निळा चेंडू घातला आणि होलमध्ये कोपरापर्यंत हात घालून वाट बघत बसला. पुढचे दोन्ही गट खेळून झालेले, पण गेले नव्हते. आता अकराही जण त्या गालिच्याभोवती उभे होतो. मागे चौघांचं एक कुटुंब येऊन थांबलं होतं. खिडकीतला मुलगा आमच्याकडे बघत होता, पण काही बोलला नाही.

विहीणबाईंनी काठी व्याह्यांच्या हातात दिली. हळदीच्या रंगाचा त्यांचा चेंडू पाचव्या फटक्याला होलच्या कडेवर जाऊन थांबला. त्यांनी तो उगाच थोडा वेळ तसाच राहू दिला. मग पटर टेकवून हलकेच ढकलला. नळीतून तो घरंगळत गेल्याचा आवाज आला. खिडकीतल्या मुलाने तो उचलला, फडक्याने पुसला आणि रांगेतल्या पुढच्या मुलीच्या हातात ठेवला.